फटफटीवाल्या बाईंचं तोंड

आमच्या गावात बाईंचा विषय निघाला की लोक अजून म्हणतात, "काय गोड बोलायची हो! फॉरेनची असून किती माणसासारखी." मी तिथे असले तर गप्प बसते. बाई गोड बोलत नव्हत्या. गावातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाला त्यांनी गाढव, चोर, आळशी किंवा खुनी म्हटलेलं आहे, काहींना तर एकाच दमात चारही. गोड बोलत होते ती मी.

या गोष्टीला फार वर्षं झालेली नाहीत. बाईंवरचा माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

त्या स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावरच्या. नर्स म्हणून एका मदतकार्याबरोबर आमच्या भागात आल्या. ते काम संपलं, बरोबरचे परत गेले, बाई राहिल्या. का राहिलात, असं मी एकदा विचारलं होतं. "इथे कपडे वाळतात," एवढंच म्हणाल्या. पन्नाशी उलटलेली, अंगात खाकी पूर्ण बाह्यांचा शर्ट, पुरुषी पँट, डोक्यावर कापडी टोपी, आणि मान उन्हाने भाजून विटेसारखी झालेली. अकरा वर्षं इथे काढूनही त्यांना मराठीचे आठ-दहा शब्दच येत होते. शिकल्या नाहीत. "या वयात माझ्या डोक्यात नवीन काही शिरत नाही," म्हणायच्या. पण त्याच वर्षी फटफटीचं इंजिन संपूर्ण उघडून परत जोडायला त्या पुस्तकावरून शिकल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

गावाची कामं करणं हा त्यांचा उद्योग. तिसगावपासून आमचं गाव जवळ. पण औषध असो, पंपाचा वॉशर असो की शाळेचा नकाशा, नगरलाच जावं लागे. एसटी यायची तर यायची. बाई आठवड्यातून दोनदा फटफटीवरून करंजीचा घाट ओलांडून नगरला जात आणि सगळ्यांच्या वस्तू आणत. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी नेमलं नव्हतं. लोक चिठ्ठ्या देत. बाई त्या सेफ्टीपिनेने डाव्या बाहीला टोचून घेत. काम झालं की चिठ्ठी फाडून टाकत, पीन उजव्या बाहीला. नगरहून परतताना उजवी बाही नुसती चमकत असे. ज्यांना लिहिता येत नसे ते नमुना देत: तुटलेला वॉशर, बांगडीच्या मापाचा दोरा, पोराच्या पावलाएवढी तोडलेली गवताची काडी. तेही बाहीला.

एकच गोष्ट त्या नेत नसत. निरोप. "वस्तू दिली की दिली," म्हणायच्या. "निरोपात माणसं खोटं घालतात."

मी पुण्याला नन्सच्या शाळेत, वसतिगृहात दहा वर्षं काढून घरी आले होते. वडील सरकारी दवाखान्यात डॉक्टर. पुढे माझं काय करायचं ते ठरत नव्हतं, म्हणून मी घरात बसून होते आणि कोणी आलं की आतल्या खोलीत जात होते. एक दिवस बाई दवाखान्यात येऊन काहीतरी ओरडू लागल्या. कंपाउंडर हसत उभा. तोवर मोडकं इंग्रजी येणारा कोणी मिळाला तर त्याला मध्ये घालून, नाहीतर हातवाऱ्यांवर त्या निभावत. वडिलांचं इंग्रजी चांगलं, पण बाईंचे उच्चार त्यांनाही कळेनात. शाळेतल्या दोन म्हाताऱ्या नन्स जवळपास तशाच बोलत, त्यामुळे मला कळले. वडिलांना फार आनंद झाला. "घरात बसून काय करतेस? जात जा बाईंबरोबर," म्हणाले. मला कोणी विचारलं नाही. मीही काही म्हटलं नाही. तेव्हा मी कुणालाच काही म्हणत नसे.

त्या दिवसापासून मी बाईंचं तोंड झाले. हा शब्द माझा नाही, त्यांचा. सकाळी आमच्या दारात फटफटी उभी राही आणि बाई इंग्रजीत ओरडत, "माझं तोंड कुठे आहे?" सव्वा वर्ष मी त्यांच्या मागे साडी सावरत एका बाजूला पाय सोडून बसले. सव्वा वर्षात त्यांनी माझं नाव घेतलं नाही. त्यांना ते माहीत होतं की नाही, याची मला आजही शंका आहे.

किक मारून त्यांचा एक गुडघा निकामी झाला होता. म्हणून सकाळी सुरू केलेली फटफटी त्या शक्यतो बंदच करत नसत. गावात शिरल्या की लोक धावत येत, आणि सगळं बोलणं त्या फटफटाटावरून ओरडून. माझा आवाज घरातल्या घरातही ऐकू जात नसे. चार वेळा तोंड उघडून मिटलं की बाई कोपराने मला ढोसत: "मोठ्याने!"

मोठ्याने बोलायला मी शिकले. पण त्यांचं बोलणं जसंच्या तसं पुढे द्यायला नाही.

नगरच्या एका दुकानदाराने पंपाचा पट्टा चुकीच्या मापाचा दिला होता. बाई म्हणाल्या, "या चोराला सांग, डोळे विकून खाल्लेस का? शेतकऱ्याचा एक पूर्ण दिवस गेला. बदलून दे, नाहीतर हा पट्टा तुझ्या गळ्यात बांधते." मी म्हणाले, "बाई म्हणतात, माप जरा चुकलंय. आपण बदलून द्याल का?" तो पट्टा बदलून देत म्हणाला, "बाईंचा स्वभाव छान आहे हो. नाहीतर आपल्याकडचे लोक!" हे मी बाईंना सांगितलं नाही. "चूक झाली म्हणतो," एवढंच सांगितलं. बाई खूष. तोही खूष. दोघांच्या मध्ये मी घाम पुसत उभी.

असं प्रत्येक ठिकाणी. हेडमास्तरांना त्या "फुगलेला बेडूक" म्हणाल्या. माझ्या तोंडून त्यांना "आपण बिझी असाल" असं ऐकू गेलं. मी हे का करत होते? मी चांगली मुलगी होते. चांगल्या मुली आवाज चढवत नाहीत हे मला इंग्रजीत शिकवलं होतं, आणि मोठ्या माणसांना उलट बोलायचं नाही हे मराठीत. माझ्या मराठीत शिव्याच नव्हत्या. सुट्टीत घरी आल्यावर आईशी बोलण्यापुरती ती भाषा. शिवाय बाई ओरडून फटफटीवर बसून निघून जाणार. ज्याला ओरडल्या तो उद्या माझ्या वडिलांच्या दवाखान्यात येणार.

पण त्या मला आवडत नव्हत्या असं नाही. सुईची गोष्ट सांगते.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावापासून दोन मैलांवर पाझर तलावाचं सरकारी काम निघालं. शेकडो बाया. एरवी या बाया दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायच्या. त्या वर्षी ऊसच नव्हता, म्हणून इथे. त्यांच्यात एक हौसाबाई होती. तिशीची, उंच, तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "ए इंग्लिश, फटफटीवर आशी बसतीस जशी चोरून आनलेली नवरी. नीट बस की." सगळ्या बाया हसल्या. मग तिने पदराच्या टोकातून एक सुई काढली. "तुझ्या बाईला म्हनावं, माज्या सासूला चष्मा पायजे."

"नंबर?" मी विचारलं.

"नंबर कशाचा? ह्या सुईत तिला दोरा ववता आला पायजे. त्यो चष्मा."

मी बाईंना सांगितलं. वाटलं, आता चिडणार. बाईंनी सुई घेतली, उन्हात धरून तिच्या नेढ्यातून बघितलं, आणि बाहीला टोचली. नगरला चष्म्याच्या दुकानात एक म्हातारी डोळे दाखवायला आली होती. बाईंनी तिला स्टुलावर बसवलं आणि एकामागून एक भिंगं लावत तिच्याकडून त्या सुईत दोरा ओवून घेतला. दुकानदार हात जोडत होता, गिऱ्हाइकं बाहेर उभी. सातव्या भिंगाला दोरा गेला. म्हातारी टाळ्या वाजवायला लागली. बाईंनी तो नंबर घेतला, शिवाय त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा, तीन चष्मे. हौसाबाईच्या सासूला पलीकडचा लागला. बाकीचे दोन दुसऱ्या दोन म्हाताऱ्यांना बसले. त्या दिवशी परत येताना घाटात बाई मोठ्याने गात होत्या, आणि मला पहिल्यांदा वाटलं की या फटफटीवर मी स्वतः होऊनही बसले असते.

म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

तलावाच्या भरावाला मुरूम लागत होता. मुरूम खणण्याचं काम मापावर. जितका खड्डा, तितकी मजुरी. वरचा थर दगडासारखा कडक आणि खालचा मुरूम मऊ. तेव्हा बाया खालून कोरत आत आत जात, आणि वर माणसाच्या दीडपट उंचीची कपार लटकत राही. वरून खणत यायचं, पायऱ्या पाडत, असा नियम. पण तसं केलं तर दिवसाचं माप भरत नसे. ओव्हरसियर समोरच छत्रीखाली खुर्ची टाकून बसलेला असे. तरुण होता, पँटला इस्त्री, बोलायला नम्र.

तो मंगळवार होता. बाई एका मजुरणीला तिच्या मुलाचं औषध द्यायला खाणीपाशी गेल्या. कपार बघून फटफटी तशीच फटफटत ठेवून उतरल्या, हाताने तिच्या खालची माती चाचपली, आणि ओव्हरसियरसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"याला सांग," त्या मला म्हणाल्या, "दोन दिवसांत या बाया इथे गाडल्या जातील. वर तडा गेलाय, मी पाहिलाय. सांग, तू गाढव आहेस आणि खुनी आहेस. त्यांना आत्ताच्या आत्ता बाहेर काढ."

मी ओव्हरसियरकडे पाहिलं. तो उठून उभा राहिला होता, बाईंसाठी खुर्ची पुढे करत होता.

"बाई म्हणतात," मी म्हणाले, "ते जरा धोक्याचं वाटतंय. आपण एकदा बघून घ्याल का?"

"हो, हो. आमचं लक्ष आहे म्हणावं. ह्या बायाच ऐकत नाहीत. बाई चहा घेतील का?"

"काय म्हणतो?" बाईंनी विचारलं.

"बघतो म्हणतो," मी म्हणाले. "आजच."

हा 'आजच' मी स्वतःचा घातला. बाईंचा राग उतरावा म्हणून. त्या एकदम शांत झाल्या. "बरं," म्हणाल्या. "निदान एक तरी ऐकणारा निघाला." आणि आम्ही नगरला गेलो. मी जर 'आजच' म्हटलं नसतं तर बाई स्वतः त्या खड्ड्यात उतरल्या असत्या. एकेकीला दंडाला धरून बाहेर काढलं असतं. त्या तशाच होत्या.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला कपार कोसळली. खाली तिघी. दोघी लगेच निघाल्या. हौसाबाईचा डावा पाय मोठ्या ढेकळाखाली. आम्ही पोचलो तेव्हा बाया हातांनी माती उपसत होत्या. बाईंनी एकदाच बघितलं आणि पाथर्डी रस्त्यावर ट्रक आणायला फटफटी सोडली. मी हौसाबाईचं डोकं मांडीवर घेऊन बसले. ती ओरडत नव्हती. "सासूला सांगू नका," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि सासू तिच्या पायाशी बसून माती काढत होती.

नगरच्या दवाखान्यात पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चार दिवसांनी चौकशी. नायब तहसीलदार आणि एक कारकून, कामावरच्याच तंबूत. ओव्हरसियरने सांगितलं, बायांना वारंवार सूचना दिल्या होत्या, मजूर स्त्रीने स्वतःच्या जबाबदारीवर खालून खणलं. म्हणजे हौसाबाईचीच चूक. आणि नियम मोडणाऱ्याचं नाव हजेरीपटावरून कमी होतं, घरच्यांचंही. त्या घरात तेव्हा सासूची हजेरी तेवढी उरली होती. ती गेली की त्या दुष्काळात त्या घरात खायला काही नव्हतं.

बाई मला ढोसत होत्या. "मंगळवारचं सांग. मी याला सांगितलं होतं म्हणावं."

मी सांगितलं. नायब तहसीलदारांनी ओव्हरसियरकडे बघितलं. तो गोंधळला नाही. "बाई आल्या होत्या, साहेब. नेहमीसारखं गोड बोलल्या, मी चहा विचारला. गाडल्या जातील वगैरे काही बोलणं नाही झालं. ताईंनाच विचारा ना. ताई, काय म्हणाला होतात तुम्ही मला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ओव्हरसियर हसला. वाईट हसला नाही. शाळेत शेजारच्या बाकावरची मुलगी हसते तसा. त्याला माहीत होतं, मी कशी मुलगी आहे.

"मी म्हणाले," मी घरातल्या आवाजात सुरू केलं, "आपण एकदा..."

तेवढ्यात मागून हौसाबाईची सासू ओरडली. "आरं, मला आंधळीला दिसत हुती कपार! ह्याला न्हाई दिसली? ह्याला कुनी सांगाया कशाला पायजे? धा पावलांवर खुर्ची व्हती ह्याची!"

"आजी, गप्प बसा. तुम्हाला कोणी विचारलंय का?" कारकून म्हणाला.

आयुष्यात मी असा राग कधी अनुभवला नव्हता. कुणावर, ते तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. त्याच्या त्या हसण्यावर, कारकुनावर, माझ्या शाळेवर, वडिलांवर, शेजारी उभ्या राहून एक अक्षर न समजणाऱ्या बाईंवर. मी म्हणाले, "बाई म्हणाल्या होत्या की दोन दिवसांत बाया गाडल्या जातील. तू गाढव आहेस आणि खुनी आहेस, असं म्हणाल्या होत्या. मी ते सांगितलं नाही. मी 'जरा बघून घ्या' म्हटलं. ही माझी चूक. लिहा."

कारकुनाने पटापट लिहिलं. ओव्हरसियरने सुस्कारा सोडला. कारकुनाने कागद माझ्याकडे सरकवला. 'दुभाषी मुलीने इशारा पोचवला नाही.' बस्स.

"पुढचं लिहा," मी म्हणाले.

"पुढचं काय?"

"आजी काय म्हणाल्या ते. खुर्ची दहा पावलांवर होती. मंगळवारनंतरही दोन दिवस हा माणूस त्या कपारीकडे तोंड करून बसला होता. ते लिहिल्याशिवाय मी सही करणार नाही." मी ओरडत होते. तंबूत फटफटी नव्हती, तरी ओरडत होते. बाहेर बाया गोळा झाल्या.

नायब तहसीलदार थकलेले गृहस्थ होते. त्यांनी कारकुनाकडे न बघता हात हलवला. "लिहा."

ओव्हरसियरची बदली झाली; दुसऱ्या कुठल्या तलावावर तो छत्रीखाली बसला असेल. हौसाबाईच्या नावापुढे तिची चूक असल्याचा शेरा पडला नाही आणि सासूची हजेरी राहिली. यापेक्षा जास्त काही झालं नाही.

तंबूबाहेर बाईंनी विचारलं, "काय म्हणालीस एवढं?" मी सगळं सांगितलं. मंगळवारचं, आणि सव्वा वर्षाचंही. पट्टा, बेडूक, सगळं. त्या ऐकत राहिल्या. मला वाटलं, मलाही गाढव म्हणतील. मी वाट बघत होते. त्या फटफटीवर बसल्या. मला घरी सोडलं, आणि पुढचे आठ दिवस आल्याच नाहीत.

नवव्या दिवशी आल्या. दारात ओरडल्या नाहीत. आत येऊन उभ्या राहिल्या. आम्ही नगरला दवाखान्यात गेलो.

हौसाबाई खाटेवर बसली होती. पाय होता तिथे चादर सपाट. "आलीस व्हय इंग्लिश," ती म्हणाली. "सासू सांगत हुती, तंबूत लई वरडलीस म्हनं."

"हो."

"मंगळवारी बाई काय म्हनली हुती? समदं सांग. जसंच्या तसं."

मी सांगितलं. एक शब्द गाळला नाही. ती चादरीवरची सुरकुती सपाट करत ऐकत होती.

"आन् तू त्याला म्हनलीस, जरा बघून घ्या."

"हो."

"त्यो साह्यब. त्याला न्हाई तर न्हाई. पर आमी तितंच हुतो की, खड्ड्यात. आमाला वरडून सांगायचं, पोरींनो, भाईर निघा. आमाला कशाला लागतं गं तुझं 'आपन' आन् 'जरा'?"

हे मला कधी सुचलंच नव्हतं. सव्वा वर्षात एकदाही नाही. बाईंचं बोलणं मी नेहमी खुर्चीवर बसलेल्याकडे नेत होते.

"काय म्हणते ती?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. हेही जसंच्या तसं. बाई स्टुलावर बसल्या. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, नखांत वंगण. मग म्हणाल्या, "तिला सांग, चूक माझी आहे. अकरा वर्षं मी दुसऱ्याच्या तोंडावर काढली. तिला सांग."

"नाही," मी म्हणाले.

"काय?"

"हे तुम्ही सांगा."

"मला येत नाही, तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती. ती मी त्यांच्या चेहऱ्यावर आधी कधी पाहिली नव्हती आणि पुढेही पाहिली नाही. हौसाबाई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "काय म्हनतीया बाई?"

"सांगतायत त्या," मी म्हणाले. "थांब."

हौसाबाई थांबली. बाई तिच्याकडे वळल्या. त्यांचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. शेजारच्या खाटांवरची माणसंही बघायला लागली. त्यांना लागणारा शब्द अगदी साधा होता, 'चूक', पहिलीतल्या पोरालाही येतो. माझ्या जिभेवर होता. मी तो त्यांना दिला नाही.